लिंबाच्या बिया

भांडी धुण्याचं आमचं जुनं मशीन ग्लासांवर पांढरे डाग ठेवायला लागलं, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, हे आता भंगारात काढा." माझं डोकंच फिरलं. धडधाकट मशीन भंगारात काढायला याच्या बापाचं काय जातंय?

त्याला वाटेला लावलं आणि पदर खोचून मीच बसले. जाळी बेकिंग सोड्याने घासली. पाणी फवारणारा दांडा काढून त्याच्या भोकांत सुई घातली, तर आतून लिंबाच्या बिया निघाल्या. सुवासासाठी पिळलेली लिंबं मशीनमध्ये कोण टाकतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग आत व्हिनेगरची वाटी ठेवून मशीन रिकामंच गरम पाण्यावर फिरवलं.

संध्याकाळी ग्लास असे लखलखले की मेकॅनिकला बोलावून दाखवावेसे वाटले. सासूबाईंनी एक ग्लास उजेडात धरला.

"मी म्हणत नव्हते? लिंबासारखं औषध नाही."

मी सगळ्या बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी एक बी उचलून निरखली.

"किती स्वच्छ निघाल्यात बघ," त्या म्हणाल्या. "कुंडीत लाव."