घरगाडीच्या दारावरचं जादा कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप बोलतोय. जुनं म्हणजे गंजलेलं नव्हे हं! किल्ली घालून बघा, अजून लोण्यासारखा फिरतो. तरीसुद्धा आज मी चमच्यांच्या खणात, बाटलीचं झाकण काढायच्या हत्याराशेजारी पडून आहे. माझ्यासारख्या पोलादी कुलपाची ही जागा आहे का, तुम्हीच सांगा.

कारखान्यात मला ओतलं, कापलं, घासलं. तपासणारा माणूस भलता खडूस होता, पण मला हातात घेऊन म्हणाला, हे टिकेल. मग मी एका दुकानाच्या फळीवर डब्यात बसून राहिलो. डब्यात माझे दोन्ही भाग होते. बाहेरच्या बाजूला किल्लीचं तोंड आणि आतल्या बाजूला बोटांनी फिरवायचा नॉब. किल्ली जवळ नसली तरी आतल्या माणसाला दार उघडता यावं, म्हणून तो नॉब असतो.

मला विकत घेतलं एका पेंटरने. दुकानांच्या पाट्या रंगवायचं त्याचं काम. कामामागे गावोगाव हिंडावं लागे, म्हणून तो, त्याची बायको आणि त्याचे वडील एका घरगाडीत राहायचे. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. ही गाडी बाबांनीच बांधली होती. बाबांचा जन्म गेला बसच्या बॉड्या बांधण्यात. एक मोडीत निघालेली बस आणून त्यांनी तिच्यात पलंग, कपाटं, शेगडीचा ओटा, सगळं स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

आता अशा गाड्यांची मूळची कुलपं म्हणजे नावालाच. जरा जोर लावला की उघडली. म्हणून दारांना जादा कुलूप बसवतात. आम्ही दोघं भाऊ एकदमच आलो. भाऊ ड्रायव्हरच्या दारावर गेला आणि मी राहत्या खोलीच्या दारावर. बसवायला मिस्त्री आला होता. घरगाडीचं दार म्हणजे बाहेर पातळ पत्रा, मध्ये फोम, आत प्लायवूड. नुसते स्क्रू मारले तर ते एका हिसक्यात उपटून येतील. म्हणून मिस्त्रीने आरपार भोकं पाडली, आतून लोखंडी पट्टी दिली आणि सगळे स्क्रू आतल्या बाजूने आवळले. चोर बाहेर असतो, त्याच्या हाताला स्क्रू लागता कामा नये! कडेने चिकट रबर भरलं, म्हणजे पावसाचं पाणी मुरणार नाही.

दाराच्या खाचेत अंधार होता. पेंटरने हाक मारली, तसे बाबा बॅटरी घेऊन आले. गुडघे कुरकुरत होते, तरी सगळं काम होईस्तोवर वाकून उजेड धरून उभे राहिले. मध्येच मिस्त्रीला चार शब्द सुनावायचे, भोक जरा खाली घे, तिथे पट्टी मजबूत आहे. मिस्त्री हसत होता, पण ऐकत होता. मला तर बाबा तिथेच आवडून गेले.

ते चहा टाकायला वळले आणि पेंटर मिस्त्रीच्या कानाशी लागला. नॉब बसवू नकोस, म्हणाला, त्या जागी नुसती चकती लाव. मिस्त्रीने हात थांबवला. आत माणूस असताना बाहेरून कुलूप घालणार नाही ना, असं त्याने विचारलं. आत शेगडी असते, काही झालं तर माणूस बाहेर कसा पडेल? छे छे, तसं कोण करतंय, असं म्हणत पेंटरने माझा आणि भावाचाही नॉब खिशात टाकला.

चहा घेऊन आलेल्या बाबांची नजर चकतीवर गेली. हाडाचे कारागीर ते, त्यांना कसं चुकेल? आतून कसं उघडायचं रे, त्यांनी विचारलं.

"आतून आपलं जुनंच लावायचं, बाबा. हे आपण सगळे बाहेर जाताना."

बाबांनी मान डोलावली आणि मला रुमालाने पुसलं. मीही खुशीत होतो. म्हटलं, आता चोरांनी यावंच, एकेकाची जिरवतो!

चोर काही आला नाही. एके सकाळी पेंटर आणि सूनबाई कामाला निघाले, दार लोटलं, आणि किल्ली माझ्यात फिरली. मी दचकलोच. अहो, आत बाबा आहेत! पण कुलपाला कोण विचारतंय? किल्ली फिरवली की मला लागावंच लागतं.

थोड्या वेळाने बाबा फिरायला निघाले. जुनी मूठ खाली झाली, दार जागचं हललं नाही. ते ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, तिथेही तेच. खिडक्यांतून उतरायचं वय राहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, आम्ही दोघेही नवे आहोत, अडकलो असू. त्यांनी शिवणयंत्राचं तेल आणलं आणि दाराच्या फटीतून माझ्या जिभेवर सोडलं. "होतं असं नव्या मालाचं," माझी समजूत घालत म्हणाले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, तर पेंटर म्हणाला, हो बाबा, अडकतं ते कधीकधी. सगळं खापर माझ्या डोक्यावर! सूनबाईने भाजी चिरायला घेतली आणि वर मान केली नाही. मग हे रोजचंच झालं. पेंटर कुलूप लावून जायचा, बाबा मला तेल घालायचे, आणि संध्याकाळी मी वाईट ठरायचो.

पेंटर दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. मागे एकदा बाबा फिरायला गेले आणि परतीची वाट विसरले. शेजारच्या गाडीवाल्याने त्यांना घरच्या चपलांवर भर रस्त्यातून आणलं होतं. वडील हरवतील ही त्याची भीती खरी होती. पण ती त्यांच्या तोंडावर बोलायचं धाडस त्याला झालं नाही. त्याऐवजी त्याने मला खोट्यात ओढलं.

मग एकदा सूनबाई जेवणाचा डबा ओट्यावरच विसरली. बाबा तो घेऊन लगबगीने दाराशी आले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझी जीभ खटकन चौकटीत गेली.

"अरे, मी आत आहे," बाबा म्हणाले.

बाहेर पावलं थांबली. दोघांनीही ऐकलं होतं. सूनबाईचा श्वाससुद्धा मला ऐकू आला. मग पावलं पुढे गेली.

बाबांनी डबा खाली ठेवला. कितीतरी वेळ ते माझ्यावरच्या त्या चकतीकडे बघत राहिले. मग कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला. चोराच्या हाताला लागू नयेत म्हणून आतून मारलेले स्क्रू त्यांच्या अगदी समोर होते. पेंटरला एवढं कसं सुचलं नाही, कोण जाणे. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या माणसाला त्याने कोंडलं होतं! बाबांनी मला सावकाश, पत्रा न दुखवता बाहेर काढलं. वाटलं, आता निघून जातील. पण ते पायरीवर बसून राहिले, मला मांडीवर घेऊन.

दिवस कलताना दोघं परतली. दाराला पडलेलं भोक बघून पेंटर आधी माझ्यावरच उखडला, भिकार माल म्हणाला.

बाबांचा आवाज चढला नाही. "कुलूप चांगलं आहे. मला कोंडायचं होतं तर कोंडायचं होतंस. पण ते बसवताना बॅटरी धरायला मला कशाला बोलावलंस?"

सूनबाई रडायला लागली. तुम्ही हरवाल म्हणून केलं, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तरीही त्यांनी आपल्या बहिणीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी पेंटरची आत्या त्यांना न्यायला आली. पेंटरने पिशवी उचलली, ती बाबांनी त्याच्या हातून परत घेतली. स्वतः बांधलेल्या गाडीतून ते उतरले आणि चालू लागले.

पेंटरने भोक बुजवून वरून रंग मारला. तो दर आठवड्याला आत्याकडे जातो. बाबा त्याला चहा देतात, विचारलं तेवढंच सांगतात. परत चला म्हटलं की खिडकीबाहेर बघतात. मला फेकून द्यायचा धीर पेंटरला होत नाही, आणि दाराला लावायचाही होत नाही.

मित्रांनो, मला चोरांसाठी आणलं असं सांगितलं आणि माझ्याकडून घरचा माणूस कोंडून घेतला. माझा राग अजून गेलेला नाही. पण तुमच्यावर कशाला काढू? एकच मागणं आहे. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल, त्याची काळजी वाटत असेल, तर ती त्याच्यासमोर बसून बोला. ते चिडेल, भांडेल, दोन दिवस तुमच्या हातचं पाणी घेणार नाही. पण ते घरात राहील.