बरणीतली गाठ

अम्मीची गाठ अब्बांनी कब्रस्तानात पुरली हे मला दीड महिन्यानं कळलं. तेही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, परक्या डॉक्टरीणबाईसमोर.

बाईंनी फाईल पुढून मागं, मागून पुढं चाळली आणि गाठीचा रिपोर्ट मागितला. अब्बा म्हणाले, तसलं काही मिळालं नाही.

"मग गाठ कुठे आहे?"

अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मग फरशीकडं. "दफन केली."

आमच्यात शरीराचा तुकडा कचऱ्यात टाकत नाहीत. कापलेलं बोट असो की पाय, तो मातीतच जातो. खालापुरात दोन खोल्यांच्या एका नर्सिंग होममध्ये अम्मीच्या छातीतली गाठ काढली. सुईनं पाणी काढून तपासलं होतं, त्यामुळं कॅन्सर आहे हे आधीच ठाऊक होतं. ऑपरेशन झाल्यावर नर्सनं झाकणाची बरणी अब्बांच्या हातात दिली, "हे तुमचं, घेऊन जा" म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडं पळाली. लॅबची चिठ्ठी फाईलमध्ये होती, इंग्रजीत. अब्बांनी बरणी रुमालात गुंडाळून गावी आणली. आतलं उग्र वासाचं पाणी ओतून दिलं, गाठ धुतली, पांढऱ्या कपड्यात बांधली आणि दादीच्या कबरीच्या पायथ्याशी हातभर खड्डा खणून ठेवली. दुआ मागितली. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "अनम, ते काम झालं."

मला वाटलं, लॅबमध्ये देऊन आले.

मी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसते. सातबारा, दाखले, कोर्टाच्या नोटिसा, अख्ख्या तालुक्याचे कागद मी वाचून देते. आईची फाईल कपाटावर पडून होती, ती उघडली नाही. छातीचं दुखणं. बापानं मुलीशी बोलायचं नाही, मुलीनं बापाला विचारायचं नाही. ही आमची अब्रू. जाळा तिला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं, की अशा गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं एक प्रथिन असतं. ते फार वाढलेलं असेल तर आजार झपाट्यानं अंगात पसरतो. पण मग त्याच प्रथिनाला धरून मारणारं इंजेक्शनही आहे, आणि ते चांगलं लागू पडतं. प्रथिन वाढलेलं नसेल तर ते इंजेक्शन फुकट, वर हृदयाला त्रास. तपासल्याशिवाय त्या ते देणार नव्हत्या. सुईच्या जुन्या थेंबावर त्यांचा भरवसा नव्हता. मी उकरून आणण्याचं विचारलं. दीड महिना मातीत राहिलेल्या मांसात आता वाचण्यासारखं काही उरलं नसेल, असं त्या म्हणाल्या.

एकच वाट होती. काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, अम्मीच्या त्या काढायच्या. आजार तिथं पोचला असेल तर त्या गाठींत प्रथिन तपासता येईल. पोचला नसेल तर उत्तमच, पण मग प्रथिनाचं काही कळणार नाही.

अब्बांनी विचारलं, "म्हणजे बाई, आमी दुआ कशाची मागायची?"

अम्मी शेजारच्या स्टुलावरच बसली होती. त्या अर्ध्या तासात तिच्याकडं कोणी बघितलंही नाही. मीही नाही.

परत येताना गाडी शेजारच्या नवनाथची होती. खोपोलीपर्यंत त्याला सगळं कळलं. अब्बांचं टोलनाक्याजवळ पंक्चरचं दुकान, तेवढंच धरून तो म्हणाला, "रज्जाकभाय, तुज्याकडं गिऱ्हाइक आलं तर तू ट्यूब पाण्यात बुडवून भोक दाखवतोस. दाखवल्याबिगर चिकटवत नाय. आन् बायकोची बरणी हातात घेताना एक सवाल नाय केलास?"

"डॉक्टरला कोण विचारतं रं," अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नर्सिंग होममध्ये गेले. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी फाईलमध्ये होती, तुम्ही वाचायला हवी होती. मी विचारलं, टायरवाल्याच्या हातात बरणी देताना "लॅब" हा एक शब्द तोंडातून काढायला किती वेळ लागतो? ते म्हणाले, बाहेर पेशंट खोळंबलेत. त्यांचं खोटं नव्हतं. चिठ्ठी होती. या देशात चिठ्ठी दिली की माणूस मोकळा होतो, मग समोरचा मरो.

त्या संध्याकाळी अम्मी भाकरी थापत होती. उजवा हात अजून वर जात नव्हता, म्हणून डाव्यानं. तव्याकडं बघतच ती म्हणाली, "माजंच मांस ना ते? धुतलं, गुंडाळलं, पुरलं. मला कोणी सांगितलं?"

अब्बा उठून ओट्यावर जाऊन बसले.

पुढच्या महिन्यात काखेचं ऑपरेशन झालं. मोठं हॉस्पिटल झालं तरी तिथंही वॉर्डातल्या मामानं बरणी घेऊन नातेवाइकांना हाक मारली. सवयीनं अब्बांचा हात पुढं गेला. मी मध्ये शिरून बरणी घेतली. बरणीवरचं नाव वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं, कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीत, ते मामाकडून दोनदा वदवून घेतलं. जिना चढताना आतलं पाणी हिंदकळत होतं. खिडकीतल्या माणसानं सही करून पोच देईपर्यंत मी बरणी सोडली नाही. अब्बांनी मागून हळूच त्याला विचारलं, तपासून झाल्यावर उरलेलं परत मिळेल का. लेखी अर्ज करा, तो म्हणाला. अर्ज मी तिथंच उभ्यानं लिहिला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. काढलेल्या अकरा गाठींपैकी दोनमध्ये आजार होता. हर-टू तीन प्लस, म्हणजे भरपूर. बाई म्हणाल्या, आता इंजेक्शन सुरू करता येईल.

आजार काखेत पोचलाय हे ऐकून मला हायसं वाटलं. हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी कबूल करणार नाही. आईच्या अंगात कॅन्सर पसरल्याची बातमी ऐकून पोरीला हायसं वाटावं, अशी वेळ आमच्यावर एका बरणीनं आणि आमच्या गप्प बसण्यानं आणली.

पहिलं इंजेक्शन घेऊन आलो त्या दिवशी अम्मी अब्बांशी पहिल्यांदा नीट बोलली.

"दादीच्या पायाशी कुठल्या अंगाला ठेवलंत? डाव्या का उजव्या?"

"उजव्या," अब्बा म्हणाले. "का?"

"आमा बायकांना तिथं आत सोडत नाय. मेल्यावरच जाईन. तवा शोधत बसायला नको."

अब्बांनी मान खाली घातली. मग कागद मागितला, आणि टायर खोलायच्या खडबडीत हातानं कबरीचा नकाशा काढून तिच्यासमोर ठेवला. अम्मीनं तो उलटसुलट बघितला आणि फाईलमध्ये लावायला माझ्याकडं दिला.