साखऱ्याच्या तांड्यावरची समुद्रगाय

मित्रांनो, मी समुद्रगाय आहे, पण कापडाची. आता जुनी झाले आहे. समुद्र मी कधी पाहिला नाही. साखऱ्याजवळच्या तांड्यावरील शाळेत माझे आयुष्य गेले.

१९९७ साली तिथे प्रेमदास गुरुजी शिकवत होते. नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांचा धडा आला. पुस्तकातले समुद्रगायीचे चित्र अंगठ्याएवढे होते आणि शाई पसरलेली होती. मुलांना त्यात काही दिसेना. मग गुरुजींच्या पत्नीने, रुक्माबाईंनी, जुने लुगडे कापले, आत कापूस भरला आणि मला शिवले. हात गोधडीचा, म्हणून टाके दाट पडले.

शेजारच्या जमनाबाई कुंकू घेऊन आल्या. गाय म्हटल्यावर त्यांनी आधी कुंकू लावले आणि मग मला नीट पाहिले.

"रुक्मे, हिची शिंगं कुठं गेली? अन् पाय?"

"पाण्यात ऱ्हाते ती. पाय काहून लागतील?"

"दूध तरी देते का?"

"देते. पिलापुरतं. तुझ्या चहाला न्हाई."

मुले हसली. गुरुजी मला टेबलावर ठेवून शिकवू लागले. अंदमानच्या बेटांभोवती समुद्रगाय पाण्यातले गवत खाते. श्वास घ्यायला तिला वर यावे लागते. माणसांनी तिला मांसासाठी आणि तेलासाठी मारले. आता मारायला बंदी आहे, तरी ती मासळीच्या जाळ्यात अडकते आणि बुडून मरते. तिला कित्येक वर्षांनी एकच पिलू होते, म्हणून घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. दूर उत्तरेला एका बेटाभोवती हिची मोठी बहीण, म्हणजे आकाराने मोठी दुसरी जात, राहत होती. खलाशांना ती सापडली आणि तीसेक वर्षांत त्यांनी ती मारून संपवली.

दरवर्षी नवी मुले मला हात लावून हे ऐकत. ते दिवस चांगले होते.

२००३ साली रुक्माबाई आजारी पडल्या आणि गेल्या. गुरुजींनी मला घरी नेऊन पेटीत ठेवले. शाळेत ते फळ्यावर खडूने माझी आकृती काढत. घरी मात्र पेटी उघडत नसत. पेटीत उंदीर शिरले. त्यांनी माझे पोट कुरतडले.

एकदा जमनाबाई भाकरी द्यायला आल्या. पेटीखाली त्यांना कापूस दिसला. त्यांनी पेटी उघडली.

"द्या गुरुजी, शिवून देते."

"नको. तिचे टाके हायेत ते. दुसऱ्याचा हात नको."

"तिचे टाके उंदीर खाऊन राहिला. त्याचा हात चालते का तुम्हाला?"

गुरुजी पेटीचे झाकण लावू लागले.

"तिनं हे लेकरांसाठी शिवलं होतं. पेटीसाठी न्हाई."

शेवटी गुरुजींनी सुई-दोरा काढून दिला. जमनाबाई शिवत असताना गुरुजींनी दोन्ही हातांनी माझे कापड धरून ठेवले. रुक्माबाईंचे जे टाके उरले होते, त्यांच्या बाजूने जमनाबाईंनी नवे घातले. ते जरा मोठे आणि वाकडे आहेत. दुसऱ्या दिवशी मी परत शाळेत आले.

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू कोंडून ठेवू नका, वापरा आणि दुरुस्त करा. आणि खऱ्या समुद्रगायीला तिच्या बेटांभोवतीचे गवत आणि मोकळे पाणी राहू द्या. मी फाटले तर मला शिवता येते. तिला शिवता येत नाही.