नावाआधीचे टिंब

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. सदतीस. खुर्चीने, छत्रीने किंवा घड्याळाने आपली कहाणी सांगितली तर ते शोभून दिसते. आकड्याने सांगावी हे मलाच थोडे विचित्र वाटते. मला रंग नाही, आकार नाही, आणि ज्या संगणकात मी राहिलो तिथे माझे ओझे जवळजवळ काहीच नव्हते. तरीही माझ्यामुळे एका बाईचा आपल्या सख्ख्या बहिणीवरचा विश्वास उडाला. ते मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक जिल्ह्यात एक लहान गाव आहे. तिथली जमीन दरवर्षी थोडी थोडी खाली बसते आणि मोठ्या भरतीला समुद्र घरात येतो. गावच्या जुन्या धक्क्याचा एक खांब मात्र खोल, कठीण थरापर्यंत रोवलेला आहे. तो हलत नाही. भरती किती चढेल याचा अंदाज त्या खांबावर धरतात. पण अंगणे त्या खांबाच्या मानाने किती खाली गेली, हे कळल्याशिवाय अंगणात पाणी किती येईल ते कळत नाही. ते ‘किती’ म्हणजे मी.

मला जन्म दिला बू प्रिहातिन यांनी. ‘बू’ म्हणजे बाई. त्या सेमारांग शहरात एका तंत्रशाळेत संख्याशास्त्र शिकवीत. त्यांची थोरली बहीण तुमिनी गावातच राहत असे, एकटी. नवरा गेलेला, कमरेचे दुखणे, आणि जवळा कुटून, खारवून त्याचे गोळे उन्हात वाळवण्याचा धंदा. शेजारची घरे एकेक करून रिकामी झाली, तरी तुमिनी हलायला तयार नव्हती.

“मबाक, तू माझ्याकडे ये ना शहरात,” बू प्रिहातिन म्हणायच्या. मबाक म्हणजे ताई.

“तुझ्या दोन खोल्यांत? माझ्या जवळ्याच्या वासानं तुझी घरमालकीण तुलाही बाहेर काढेल.”

“मग पाणी आलं की काय करशील?”

“तूच सांग ना आधी, कधी येणार ते. एवढी शिकलीस कशासाठी? तुझा निरोप येतोय तोवर मी इथे राहीन.”

या एका वाक्यावर सगळे उभे राहिले. बू प्रिहातिन यांनी सूत्रे लिहिली, आणि रोज सकाळी बहिणीच्या फोनवर निरोप जाऊ लागला: आज अंगण कोरडे, किंवा आज घोट्यापर्यंत पाणी, सामान उचला. हळूहळू आणखी चाळीस घरे तो निरोप मागू लागली.

दर ईदेला बू प्रिहातिन गावी येत आणि दोघी बहिणी मला मोजत. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरायची. एक टोक खांबाच्या खुणेशी बू प्रिहातिन धरीत, दुसरे अंगणात तुमिनी धरी. पहिल्या वर्षी मी नऊ सेंटिमीटर होतो. मग सतरा झालो, मग सव्वीस, मग सदतीस. माझी वाढ पाहून कोणाला आनंद होत नसे.

दुसऱ्याच वर्षी तुमिनी संगणकाच्या पडद्याकडे पाहून म्हणाली, “आमचं अंगण किती बुडालं ते असं मांडून कशाला ठेवलंयस? उद्या तुझे विद्यार्थी बघतील. लाज वाटते गं.”

बू प्रिहातिन यांनी वाद घातला नाही. त्यांच्या भागात थोरल्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. त्यांनी माझ्या नावाच्या आधी एक टिंब घातले. माझे नाव ‘तुरुन’, म्हणजे खाली उतरणे. ज्या नावाआधी टिंब असते, ते त्या संगणकात साध्या यादीत दिसत नाही. मी होतो, कामही करत होतो, फक्त नजरेआड झालो. रोज काम संपले की संगणक विचारी, आजचे सगळे जपून ठेवू का? बू प्रिहातिन ‘हो’ म्हणत. दुसऱ्या दिवशी मी आपोआप हजर. दोन वर्षे अशी गेली. खरे सांगायचे तर तो काळ बरा होता. कोणी मला पाहत नव्हते, पण निरोप बरोबर जात होते, आणि तुमिनी शेजारणींना सांगे, “समुद्राला विचारू नका, माझ्या बहिणीला विचारा.”

मग बू प्रिहातिन यांची निवृत्ती जवळ आली. निरोपाचे काम आता एका सरकारी कचेरीतून व्हावे असे ठरले. तिथे पाक दार्माजी (‘पाक’ म्हणजे साहेब) नावाचे गृहस्थ होते, नम्र, नीटनेटके, नदीच्या पाण्याचे हिशोब ठेवणारे. त्यांना देण्यासाठी बू प्रिहातिन यांनी आपल्या सगळ्या सूत्रांचे एक पॅकेज बांधायला घेतले.

मित्रांनो, इथे थोडे समजून घ्या. जावात पुष्कळांना एकच नाव असते, आडनाव नसते. त्यामुळे गावात तुमिनी दोन होत्या: एक जवळावाली आणि एक मशिदीमागची. जवळावालीच्या घरात ‘तुमिनी’ म्हटले की कोण, हे सर्वांना कळे. बाहेर रस्त्यावर हाक मारली तर भलतीच ओ देई. पॅकेजचेही असेच एक घर असते. आतल्या सूत्राने एखादे नाव पुकारले की आधी घरात शोध होतो. घरात नसेल तर बाहेर रस्त्यावर, आणि तिथे त्या नावाचा जो कोणी भेटेल तो चालतो. खात्री कोणी करून घेत नाही. आणि पॅकेज बांधताना घरात असतील तेवढ्याच वस्तू त्यात जातात.

मी घरात नव्हतो. मी बू प्रिहातिन यांच्या संगणकात बाहेर, रस्त्यावर उभा होतो. इतकी वर्षे मला कोणी आत घेतलेच नव्हते.

त्यांनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. पॅकेज तपासण्याआधी त्यांनी संगणकातली सगळी नावे पुसली होती. पण ती झाडणी यादीत दिसणारी नावेच पुसते. टिंबवाला मी कोपऱ्यात तसाच राहिलो. म्हणून उत्तर बरोबर आले. तपासणीत एक बारीक टीपही आली होती, की ‘तुरुन’ कुठे आहे ते दिसत नाही. तशा अकरा टिपा होत्या. दहा निरुपद्रवी होत्या. बू प्रिहातिन यांनी अकरावीही त्यांतलीच धरली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण आकड्याला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

जून महिन्यात कचेरीतून निरोप जाऊ लागले. पहिले काही दिवस भरती लहान होती. मग मोठी आली. त्या सकाळी तुमिनीच्या फोनवर निरोप आला: आज अंगण कोरडे.

तिने जवळ्याचे गोळे खालच्या फळ्यांवर मांडले, जेवली, आणि जमिनीवर चटई टाकून आडवी झाली. दुपारी पाणी आले. अंगणात अर्ध्या पोटरीपर्यंत, घरात घोट्यावर. ती घाईने उठायला गेली आणि घसरली. मनगटाचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी तिला खाटेवर बसवले. तिथून तिने महिनाभराचा माल पाण्यात विरघळताना पाहिला.

बू प्रिहातिन दवाखान्यात धावत आल्या. तुमिनी शांत होती. तिने एवढेच विचारले, “तुला ठाऊक नव्हतं का गं?”

“मबाक, माझ्या संगणकावर बरोबर येतंय. अठ्ठावीस सेंटिमीटर पाणी. मी आत्ता पाहिलं.”

“मग मला कोरडं का सांगितलंस?”

बू प्रिहातिन तडक कचेरीत गेल्या. तीच सूत्रे, तोच भरतीचा अंदाज. एका संगणकावर अठ्ठावीस, दुसऱ्यावर कोरडे. दोन दिवस त्या तिथे बसून ओळ अन् ओळ वाचत होत्या. चहा गार होत होता. तिसऱ्या दिवशी पाक दार्माजी खाकरले.

“बू, राग मानू नका. तुमचा संगणक अगदी कोरा करून चालवून बघायचा का? कालचं काहीच आठवायचं नाही त्याला, असा.”

“पुसलं होतं मी सगळं, पाक.”

“तेच म्हणतो. माझी सासूही रोज घर झाडते. पाहुणे आले की खाटेखालचं दिसतं.”

बू प्रिहातिन हसल्या नाहीत. त्यांनी संगणक कोरा उघडला आणि सूत्र चालवले. लाल ओळ आली: ‘तुरुन’ सापडत नाही.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाल्या, “पण मग तुमच्या संगणकावर ही ओळ का नाही आली? तो थांबायला हवा होता.”

पाक दार्माजींनी आपल्या संगणकातली यादी काढली. रिकामी. मग टिंबवाल्या नावांसकट काढली. तिथे एकच नाव होते. माझेच. आणि त्याची किंमत होती शून्य.

“हा माझा,” ते म्हणाले. “नदीचं पाणी किती उतरलं, त्याचा. तीन वर्षांपूर्वीचा. मी विसरूनच गेलो होतो याला.”

त्या परक्या शून्यावर माझा राग नाही. तोही कोपऱ्यात विसरलेला होता. त्याला हाक आली, त्याने ओ दिली. सदतीस सेंटिमीटर बुडालेले अंगण त्याने मुळीच न बुडालेले धरले. सूत्र थांबले असते तर कोणाला तरी शंका आली असती.

“त्या सकाळी मला वाटलं होतं,” पाक दार्माजी खाली मान घालून म्हणाले, “एवढी मोठी भरती आणि अंगण कोरडं कसं? फोन हातात घेतला होता, बू. पण तुमचं गणित. मी कोण विचारणार?”

“विचारायचं होतं,” बू प्रिहातिन म्हणाल्या. “आणि मी दाखवायचं होतं.”

त्याच दिवशी त्यांनी माझे टिंब काढले. मला पॅकेजच्या घरात आणले, माझ्याशेजारी मोजल्याची तारीख लिहिली, मोजणाऱ्या दोघींची नावे लिहिली. मी घरात नसेन तर बाहेर न शोधता थांबायचे, असा नियमही घातला. आता कोणालाही मी दिसतो. इतक्या वर्षांनी उजेडात आलो, पण आनंद झाला नाही.

कारण पुढच्या ईदेला बू प्रिहातिन गावी गेल्या, तेव्हा तुमिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती.

“मबाक, चूक सापडली. दुरुस्त केली. चल, मोजून येऊ.”

“तू मोज.”

“एकटीनं होत नाही.”

“दिक,” तुमिनी म्हणाली. दिक म्हणजे धाकटी. “समुद्रानं फसवलं तर मी सोसते. तो काय माझा नातेवाईक आहे? ... केळी तळलीयेत, खा. मोजायचं नाव काढू नको.”

बू प्रिहातिन यांनी केळी खाल्ली. संध्याकाळच्या गाडीने त्या परत गेल्या. तुमिनी अजून त्याच घरात राहते. सकाळी निरोप आला की ती तो न वाचताच पुसते, आणि दाराबाहेर उभी राहून पाण्याचा रंग पाहते. कधी अंदाज बरोबर येतो, कधी नाही.

त्याला आता दोन वर्षे झाली. बू प्रिहातिन यांच्या हातून पुन्हा मोजणे झाले नाही. पाक दार्माजींची बदली झाली. जमीन बसतच आहे. मी मात्र सदतीसच आहे. बाकीच्या घरांना रोज सकाळी माझ्याच आधाराने निरोप जातो, आणि माझ्याशेजारी लिहिलेली तारीख कोणी वाचत नाही. खरा आकडा आज किती असेल, मला माहीत नाही. माझ्यापेक्षा मोठा असेल, एवढे नक्की.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. ज्याच्या भरवशावर कोणी जमिनीवर चटई टाकून झोपते, अशी गोष्ट लाजेपोटी झाकून ठेवू नका, आणि शंका आली तर संकोचापोटी गप्प बसू नका. आणि तुमच्यापैकी कोणी कधी त्या किनाऱ्याला गेलात, तर कृपा करून दोघे मिळून जा. ते अंगण पुन्हा मोजा, आणि मला पुसून टाका.