न्हाणीतलं नवं सॉकेट

या मायबाप, असे पुढं सरकून बसा. दर्यापूरच्या खुशालरावांची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण माझ्या मनातून जात नाही.

गिझरच्या सॉकेटजवळ ओला हात गेला आणि त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, करंट लागला. पांडुरंगानं वाचवलं. पण तेव्हापासून बाई न्हाणीत पाय ठेवीनात. पौषाच्या थंडीत परसात, साडीच्या आडोशाला, थंडगार दोन तांबे अंगावर घेत.

खुशालराव जळकं सॉकेट रुमालात बांधून अमरावतीला, राजापेठेत आले. दुकानदार नितेशनं चार नमुने मांडले. एकाला पाणी न शिरणारं झाकण, एकाची भोकं आपोआप मिटणारी.

"यातलं कोणतं माह्या बायकोले मारणार नाई, तेवढं सांग."

"काकाजी, हे झाकणवालं न्या. संगं करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. पण अर्थिंग हाय ना? त्याच्या खड्ड्यात पाणी टाकता? खड्डा सुकला तं करंट जमिनीत जात नाई."

खुशालराव जळकं सॉकेट पुन्हा रुमालात बांधू लागले. रामनवमीच्या कीर्तनाला येणाऱ्यांना धूळ लागू नये म्हणून त्यांनीच अंगणभर सिमेंट ओतलं होतं. अर्थिंगचा खड्डा खाली गाडला गेला, कोरडा पडला. वर सात दिवस टाळ वाजले.

"काय झालं, काकाजी?"

"काई नाई. दोन्ही दे."

वायरमन सागरनं नवा खड्डा खणला, स्विच बसवला, सॉकेट बदललं, तपासून दाखवलं. सगळं पक्कं झालं.

"चाल वं, पाणी तापलं."

"मले भेव लागते."

खुशालरावांनी बाईंच्या देखत मेन स्विच पाडला. घरभर दिवे विझले. मग ते न्हाणीत गेले आणि तळहात त्या नव्या झाकणावर दाबून उभे राहिले.

"पाह्य, मी हात लावून राहिलो. काई होते का?"

"तुमी काढा आधी हात! काढा म्हणते ना!" बाई रडायलाच लागल्या.

त्यांनी हात काढला. सिमेंटची गोष्ट ओठांवर आली होती. पण ज्या कीर्तनाला बाईंनी सातही दिवस स्वतः सडा-रांगोळी केली, त्याला बोल कसा लावायचा? गिळून टाकली. गिझरच्या गरम पाण्यानं बादली भरली, दोन्ही हातांनी उचलून परसात नेऊन ठेवली आणि आडोशाची साडी धरून पाठमोरे उभे राहिले. वारा साडी ओढत होता.

अजूनही रोज तसेच उभे राहतात. उद्या गरम पाण्यानं अंघोळ कराल, तेव्हा मायबाप, पार्बताबाईंची आठवण ठेवा. देवाजवळ त्यांच्यासाठी एवढंच मागा, की त्यांचं भेव जावो.