नारळाआधीची तिकिटं

"बाय, तारीख पक्की कर आता. किती दिवस त्या मोबाइलात बघत बसशील?" जाळं सांधता सांधता मामंजी म्हणाले.

मी खरंच बरेच दिवस बघत होते. मंगळवारी विमानाची तिकिटं स्वस्त होतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मंगळवारी. भरवसा वाटेना, म्हणून मग रोजच. रत्नागिरीच्या एजंटला विचारलं, अ‍ॅपवर शोधलं, शेवटी विमान कंपनीच्याच साइटवर थोडं कमी दिसलं. मे महिन्यात दर भडकतात, शाळा सुरू झाल्या की उतरतात. शिवाय माझ्या लेकीला, मनस्वीला, सप्टेंबरात दोन वर्षं पूर्ण होणार. त्याआधी गेलो तर ती मांडीवर बसून जाईल, वेगळी सीट लागणार नाही.

"ऑगस्टचा पयला आठवडा घे," मामंजी म्हणाले. "यंदा अधिक मास. नारळी पुनव महिन्याच्या शेवटाला. तवर बोट पाण्यात नाय."

पावसाळ्यातली मासेमारीवरची सरकारी बंदी जुलैअखेर उठते, पण आमच्या घरात दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी निघत नाही. मामंजी म्हणजे खंडू तांडेल. जयगडच्या बोटी चालवण्यात त्यांची हयात गेली. कोचीचं त्यांनीच काढलं होतं. तिथली टांगलेली मोठी जाळी त्यांना बघायची होती.

"सुट्टीत पण मासेच बघा," सासूबाई हसल्या.

गोव्याच्या मोपा विमानतळावरून कोचीची चार तिकिटं काढली. पैसे परत न मिळणारी.

जुलै सरता सरता बोटीच्या मालकाचा निरोप आला : बंदी उठली की पहिल्याच दिवशी बाहेर पडायचं. बाकीच्या बोटीही पुनवेपर्यंत थांबणार नाहीत.

"नाय म्हणून सांगा," सासूबाई म्हणाल्या. "दुसरा कोन तरी नेईल."

"बोटीवरचा रितेश नेईल. चांगला हाय पोरगा. पन खाडीच्या तोंडाची या दिवसांतली लाट त्यानं कधी पार केलेली नाय."

"तुम्हीच म्हणता ना, नारळाआधी दर्या शांत नसतो?" माझा आवाज चढला. "मग तुम्ही तरी का जाता?"

"म्हनूनच, बाय. शांत असता तर बोट रितेशवर सोडली असती."

भावेश, माझा नवरा, हळूच म्हणाला, "बाबा, तिकीट फुकट जाईल."

"जाऊ दे." मग माझ्याकडे वळून, "विमान उतरताना पोरीला दूध पाज. कान दुखत नायत म्हनतात."

हे मी बहिणीला फोनवर दहादा विचारलं होतं. त्यांनी ते ऐकून ठेवलं होतं.

बोट निघायच्या पहाटे सासूबाईंनी विचारलं, "नारळ देऊ सोबत?"

"त्याची येळ झाल्यावर." पुनवेआधीच नारळ वाहायचा, दर्याशी असली तडजोड त्यांना मंजूर नव्हती.

मनस्वीला कडेवर घेऊन मी जेट्टीवर गेले. मामंजींनी प्रत्येक खलाशाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, रितेशला सुकाणूपाशी स्वतःच्या शेजारी उभं केलं. आजूबाजूच्या बोटींची इंजिनं सुरू होती, पण पुढे कुणी होत नव्हतं.

आमची बोट खाडीच्या तोंडाशी जाऊन थांबली. एक लाट जाऊ दिली. दुसरीही. तिसरीच्या पाठीवरून ती सरळ बाहेर पडली.

मग जेट्टीवरच्या बोटींचे दोर एकेक करून सुटू लागले.