मलाझमधला मुका बेस

बँडमध्ये बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं, आणि त्या भरवशावरच मी बेस वाजवायला तयार झालो. गाणारी दिसते, गिटारवाला दिसतो, ड्रमवाला तर दिसतोच. चार जाड तारांची ती लांब मानेची गिटार घेऊन मागे उभा असलेला माणूस म्हणजे लग्नाच्या फोटोतला कडेचा पाहुणा. तो नसता तरी फोटो निघालाच असता. मला ते सोयीचं वाटलं.

बेस माझ्याकडे आपणहून आला. रियाधमध्ये मी ज्या कंपनीचे हिशेब बघत असे, तिथला एक फिलिपिनो ड्राफ्ट्समन कायमचा घरी निघाला होता. सामानाचं वजन वाढलं, म्हणून त्यानं आपली बेस गिटार माझ्या फ्लॅटवर आणून भिंतीला टेकवली. तुम्ही पुस्तकं वाचता, म्हणजे शिकाल, असं त्याचं म्हणणं. ॲम्प्लिफायर त्यानं आधीच विकला होता. शालिनी, माझी बायको, मुलीच्या कॉलेजसाठी सांगलीला परतली होती आणि अल मलाझमधल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर मी एकटाच होतो. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. मी खरोखरच पुस्तक आणून शिकायला लागलो. बोटं कुठे ठेवायची ते चित्रात होतं. सूर कसा यायला हवा ते मात्र चित्रात कसं असणार?

सुमीत आणि विभा मला मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला भेटले. सुमीत एका बँकेत कॉम्प्युटरवर काम करणारा, हातात सतत गिटार असल्यासारखी बोटं हलवणारा. विभा त्याची बायको. ती कॉलेजात गायची आणि इथे आल्यापासून फक्त स्वयंपाकघरात गात होती. त्यांना तालमीसाठी जागा हवी होती, कारण त्यांच्या इमारतीत प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची परीक्षा चाललेली. माझ्याकडे जागा होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती. गुरुनाथला सुमीतनं आणलं. तो देवरुखकडचा, एसीची कामं करणारा, कंपनीच्या कॅम्पात राहणारा. गावी शिमग्याला नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचा. इथे तो माझ्या उशीवर आणि टेलिफोन डिरेक्टरीवर ड्रमच्या काठ्या चालवायचा.

पहिल्याच शुक्रवारी मी सुमीतच्या छोट्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली आणि घाबरत दोन-तीन सूर वाजवले. थोड्या वेळानं घरमालक अबू फहद जिना चढून वर आले. ते खालीच राहत. चांगला माणूस. चहा प्यायले, विभानं समोर ठेवलेले शंकरपाळे खाल्ले, आणि मग फार अदबीनं म्हणाले की गाण्याचं त्यांना काही नाही, पण छतातून कुणीतरी त्यांच्या छातीत चालतंय असं वाटतं, आणि ती छाती डॉक्टरांनी जपायला सांगितली आहे. मी ताबडतोब खलास म्हटलं, म्हणजे अरबीत, संपलं. वरचे सूर भिंतीत अडकतात, खालचे भिंतीतून आरपार जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

त्या दिवसापासून मी बेस वायर न लावताच वाजवू लागलो.

विजेवर चालणारी गिटार विजेशिवाय वाजवली तर जेमतेम कुजबुजते. सुमीतची गिटार, विभाचा आवाज, उशीवरच्या काठ्या आणि खिडकीतल्या एसीची घरघर यांत माझं काहीच कुणाला ऐकू येत नसे. मलाही येत नसे. मग मला एक युक्ती सापडली. बथ्थाच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या लाकडी दिवाणावर मी एका टोकाला बसायचो, गिटारचं बूड दिवाणाच्या कडेवर टेकवायचो आणि वरच्या काठावर हनुवटी. मग सूर जबड्याच्या हाडातून थेट डोक्यात येत. बाहेर काही नाही. आत मात्र खोल पाण्याच्या तळाशी कुणीतरी सावकाश चालतंय, वाळू उडतेय आणि पुन्हा बसतेय, असं काहीतरी. खिडक्यांना गाद्या उभ्या केलेल्या असत. फटीतून दुपारचं पिवळं ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं की मी गाण्याच्या खालच्या मजल्यावर राहतो.

दीड-एक वर्ष असं गेलं. ते २००७ साल असावं. सुमीत सांगायचा ते सूर मी वाजवत होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

हिवाळ्यात सुमीतनं बातमी आणली. त्याच्या बँकेतला एक इंग्रज साहेब शहराबाहेरच्या एका कंपाउंडमध्ये राहत होता. त्या भिंतीच्या आत गोऱ्या लोकांची वस्ती, पोहण्याचा तलाव आणि एक पब होता. पाटीवर अर्थातच पब असं लिहिलेलं नव्हतं. तिथे शुक्रवारी दुपारी राहणाऱ्यांचाच एक बँड वाजवायचा, पण त्यातले दोघे बदली होऊन गेले. साहेबानं सुमीतला विचारलं होतं की तुमचा बँड येईल का.

विभानं ओढणी खांद्यावरून काढून कमरेला खोचली, जणू आत्ताच निघायचंय.

मी शालिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आणि स्टेजवर? उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. भटजींनी पंखा लावायला सांगितला."

मी म्हटलं, बेसकडे कोणी बघत नाही.

"मग जा," ती म्हणाली. "पण तो निळा स्वेटर घालू नका."

खरी भीती मी तिलाही सांगितली नाही. लोक बघतील याची ती नव्हतीच. तिथे मोठा ॲम्प्लिफायर असणार होता. मी कसा वाजवतो हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच नव्हतं. माझ्या डोक्यात जे वाजत होतं ते सुंदर होतं. ते बाहेर आल्यावर एखाद्या म्हाताऱ्याची खुडबुड निघाली, तर मग माझ्याकडे काय उरणार? आयुष्यात पुष्कळ गोष्टी मी न विचारता ठेवल्यामुळेच टिकल्या आहेत, असं मला वाटतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही सुमीतच्या गाडीतून निघालो. गुरुनाथ पुढे, मी आणि विभा मागे, बेस आमच्या मध्ये. शहर संपलं तशी दोन्ही बाजूंना वाळू आली, आणि वाळूच्या रंगाचंच आभाळ. रस्ता कुठे नेत नसून नुसताच पसरला आहे असं वाटत होतं. मग सिमेंटचे ठोकळे, बंदुकवाले शिपाई, इकामे म्हणजे राहण्याचे परवाने दाखवणं, आणि फाटक सरकलं. आत हिरवळ होती. एवढी हिरवळ बघून डोळ्यांना ती खरी वाटेना. विभानं अबाया काढून मागच्या सीटवर घडी करून ठेवला, आणि केशरी कुर्त्यातली ती गाडीतून उतरली तेव्हा मला क्षणभर ती दुसरीच कुणी वाटली.

पब म्हणजे एक बुटकं दालन. लाकडी काउंटर, बिलियर्डचं टेबल, भिंतीवर कुठल्याशा पावसाळी गावाची चित्रं. माणसं अजून बाहेर मांस भाजत होती. तिथला एक लालबुंद स्कॉटिश गृहस्थ वायरी बघत होता. त्यानं माझ्याकडे हात केला, मी बेस पुढे केला, आणि त्यानं वायर खुपसली.

मी एक तार छेडली. काउंटरमागच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या किणकिणल्या.

मग आम्ही तपासणीसाठी पहिलं गाणं घेतलं. हिंदी सिनेमातलं जुनं, संथ. मी डोळे मिटले. डोक्यात जे वाजायचं तेच आता खोलीभर होतं, जमिनीत, खुर्च्यांत, माझ्या गुडघ्यांत. पण अर्ध्यात गिटार थांबली. डोळे उघडले तर सुमीत माझ्याकडे बघत होता.

"काका, हे काय वाजवताय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं?" त्यानं विभाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "मी तुम्हाला चार सूर सांगितले होते. तुम्ही तर गाण्याच्या खालून दुसरंच गाणं चालवलंय."

आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या ड्रमसेटमागे बसलेला गुरुनाथ हसायला लागला. "अवो काका, तुमी तर छुपे रुस्तम निघालाव. आणि आमी समजतोय, काका बसल्या बसल्या पेंगतायत."

सुमीत हसला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचा साहेब बाहेर कोंबडी भाजत होता, आणि दीड वर्ष बसवलेल्या गाण्याखाली अचानक अनोळखी पाणी वाहायला लागलं होतं. त्यानं समजुतीनं सांगितलं की आजच्यापुरतं साधं वाजवा, मूळ सूर धरा आणि तिथेच राहा. मी प्रयत्न केला. बोटं दोन मात्रा थांबत आणि मग आपल्या वाटेनं चालू लागत. त्यांना कुणी ऐकतंय याची सवयच नव्हती. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा माझे कान गरम झाले.

मी म्हटलं, "सुमीत, मी वायर काढतो. घरच्यासारखं. नुसता उभा राहीन."

त्यानं आढेवेढे घेतले, पण थोडेच.

माणसं आत आली. ताटं, हशा, लहान मुलं. आम्ही सुरू केलं. मी मागे उभा राहून बेस वाजवत होतो आणि वायर माझ्या बुटांशी पडलेली होती. पुस्तकात लिहिलं होतं ते खरंच होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, लोकांनी बोलता बोलता टाळ्या वाजवल्या. बिलियर्डचे चेंडू टकटक करत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं. आणि त्याच वेळी, हे कसं सांगावं, आपल्याच घरावरून जाताना दिवा बंद दिसावा तसं वाटत होतं.

विभाचं गाणं मात्र बिघडत होतं. सूर बरोबर होते, पण ती प्रत्येक ओळीच्या शेवटी धावत होती, जिना उतरताना पायरी चुकेल अशा भीतीनं. दुसऱ्या गाण्यानंतर ती माइकपासून बाजूला झाली आणि माझ्याकडे आली. सुमीतला वाटलं, पाणी हवंय.

"काका, वायर लावा."

मी सुमीतकडे बोट दाखवलं.

"त्याला राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरी मी दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसते. मला लाकडातून सगळं येतं. तुम्ही खालच्या सुरावर उतरता तेव्हा मी श्वास घेते. दीड वर्ष मी तशीच गातेय. इथे उभं राहून मला काहीच पोचत नाहीये."

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

सुमीत जवळ आला होता. त्यानं ऐकलं असावं. तो काहीतरी म्हणणार तोच ती त्याला म्हणाली, "बिघडलं तर बिघडलं. आत्ता तरी काय ऐकतायत?"

आणि तिनंच वाकून वायर उचलली. माझा हात पुढे येईना. तिनं ती बेसमध्ये घातली तेव्हा एक मोठा धप्प आवाज झाला, आणि ताटं घेऊन बसलेली माणसं एकदम आमच्याकडे बघू लागली. माझ्याकडे. मी खाली तारांकडे बघत राहिलो.

तिसरं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात मी इतका हळू वाजवत होतो की मलाच कमी ऐकू येत होतं. मग विभाचा आवाज माझ्या सुरावर येऊन टेकला. खरंच टेकला, जसं कुणी चालून दमल्यावर कठड्याला टेकावं. माझी बोटं खाली उतरली आणि तिनं श्वास घेतला. ती पुढे गेली, मी खालून वळसा घालून तिच्या आधी पोचलो. गुरुनाथनं काठ्या हलक्या केल्या. तो आता ड्रम वाजवत नव्हता, नमनातला मृदंगच तिथे आला होता. खोलीतलं ऊन तिरपं झालं होतं आणि भिंतीवरच्या पावसाळी गावावर पडलं होतं. एक धिप्पाड माणूस बिलियर्डची काठी हातात धरून उभा होता. खेळायची त्याची पाळी होती, पण तो खेळत नव्हता. कुणाची तरी छोटी मुलगी ॲम्प्लिफायरला दोन्ही तळहात लावून बसली होती.

मी मध्ये दोनदा चुकलो. एकदा चांगलाच. पण चूक वाळूवर पडली आणि वाळू सरकून तिला झाकून गेली. निदान मला तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर फार विसंबू नये.

गाणं संपलं. टाळ्या आल्या, फार नव्हत्या, पण त्या वेळी कुणी बोलत नव्हतं.

प्रत्येक गाण्याआधी सुमीत पायानं ठेका देऊन वन, टू, थ्री म्हणायचा. ती त्याची पद्धत. आता तो गिटारवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा पाय हलला नाही. गुरुनाथ काठ्या वर धरून थांबला होता. विभानं माइकच्या दांडीवर हात ठेवला होता आणि मान थोडी वळवली होती. मला वाटलं, तिघं कशाची तरी वाट बघताहेत. मग सुमीत माझ्याकडे न बघता म्हणाला,

"काका, तुम्ही घ्या."

कोणतं गाणं, हे विचारायला हवं होतं. पण या वेळीही मी न विचारताच ठेवलं. सगळ्यांत जाड तारेवर मी बोट ठेवलं आणि छेडलं. तो सूर खोलीच्या त्या टोकापर्यंत गेला, मी दुसरा लावला, मग तिसरा, आणि हे कुठलं गाणं आहे ते माझ्या आधी विभाला कळलं.